चौघांचा प्रोजेक्ट, एकाची रात्र

सत्र सुरू झालं की आठ-दहा दिवसांत नोटीस बोर्डावर एक सूचना लागते : 'चार-चार विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट ग्रुप करून शुक्रवारपर्यंत यादी द्यावी.' मग काय, धावपळ! एका रूममधले तिघे आधीच ठरलेले असतात, त्यांना फक्त एक 'कोडिंगवाला' हवा असतो. घरून ये-जा करणाऱ्यांचा वेगळा गट पडतो. टॉपरला तीन ठिकाणांहून आमंत्रण असतं. आणि शेवटी यादीत कुठेच जागा न मिळालेले चौघे उरतात, ज्यांनी दोन वर्षांत एकमेकांशी धड चार वाक्यं बोललेली नसतात. त्यांचा आपोआप एक गट होतो. या यादीवर पुढचं अख्खं सत्र, आणि बी.ई.ला तर पूर्ण वर्ष अवलंबून असतं. पण ती बनवायला आपण मेसमध्ये गरम पोळी येईपर्यंतचाच वेळ देतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'समूह-व्यवस्थापन' असले शब्द लिहिताना माझं पेन अडखळतं. म्हणून साध्या भाषेत सांगते. ज्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर चौघांची नावं असतात, त्यात चौघांचं काम कसं होईल, हा या लेखाचा विषय आहे. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पेपरात आपण वॉटरफॉल, स्पायरल, अजाईल सगळं पाठ करतो, पण ठरलेल्या मीटिंगला चौथा मेंबर सलग तीनदा आला नाही तर काय करायचं, ते कोणत्याच युनिटमध्ये नाही. तेव्हा आपण दोनच गोष्टी करतो. एक तर 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून त्याच्या पाठीमागे बोलतो, नाहीतर 'जाऊ दे, मीच करतो' म्हणून नाईट मारतो. दोन्हींनी काही सुटत नाही.

रस्सीखेचीचं गणित

एकटा माणूस दोर ओढतो तेव्हा जेवढा जोर लावतो, तेवढाच तो आठ जणांत लावतो का? मॅक्स रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर प्रयोग केले आणि निष्कर्ष १९१३ साली छापले. एकट्याचा जोर १०० धरला, तर दोघांत प्रत्येकाचा जोर ९३ भरला, तिघांत ८५, आणि आठ जणांत फक्त ४९! म्हणजे आठ माणसं मिळून चार माणसांइतकंच काम करत होती.

यामागे दोन कारणं असू शकतात. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, हे एक. आणि 'माझ्या एकट्याने काय फरक पडतो' हे दुसरं. यातलं खरं कोणतं, हे शोधायला अमेरिकेत बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावलं. काही वेळा डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून 'तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत' असं सांगितलं, पण प्रत्यक्षात तो एकटाच ओरडत होता. ताळमेळ चुकायचा प्रश्नच नव्हता, तरीही आवाज उतरला! याच तिघांनी १९८१ साली पुढचा प्रयोग दिला. 'तुझा आवाज गटातसुद्धा वेगळा मोजला जातोय' असं सांगितलं तर माणूस पूर्ण जोर लावतो. आणि 'तुझा आवाज कधीच वेगळा मोजला जाणार नाही' असं सांगितलं तर तो एकटा असतानाही ढिला पडतो.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की जगात कष्टाळू आणि आळशी अशा दोन जाती असतात आणि आपल्या नशिबी दुसरी आली. पण तोच मुलगा गॅदरिंगच्या नाटकासाठी रात्री दोनपर्यंत जागतो, कारण तिथे त्याचा डायलॉग दुसरं कुणी म्हणू शकत नाही. दहीहंडीच्या थरात खालच्या एकाने खांदा ढिला सोडला तर वरच्याला तत्क्षणी कळतं, रस्सीखेचीत मात्र कळत नाही. म्हणून गटातल्या एखाद्याचा स्वभाव कसा आहे हे विचारण्याआधी त्याचं काम वेगळं दिसतंय का, हे विचारायला हवं.

जोडणीचा दिवस

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक भानगड आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड सिस्टीमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्यातला नियम प्रसिद्ध आहे : उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर त्याला आणखी उशीर होतो. कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं, त्या जोड्याही वाढतात. चौघांत ६ जोड्या होतात, पाच जणांत १०, आणि आठ जणांत २८.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे माणसं वाढतात कुठे? अहो, वाढतात! दोन महिने गायब असलेला मित्र सबमिशनच्या आठवड्यात उगवतो आणि म्हणतो, "चला, आता मी पण काहीतरी करतो." तो त्या दिवशी गटात आलेला नवा माणूसच असतो. त्याचा हेतू चांगला असेल, पण त्याला डेटाबेस समजावून सांगण्यात कोडिंगवाल्याची अर्धी रात्र जाते. त्यापेक्षा कोडिंगवाला "तू झोप रे" म्हणतो. व्हायवात मग त्या मित्राला एका प्रश्नाचंही उत्तर येत नाही, तेव्हा आपण म्हणतो, 'बघा, याने काहीच केलं नाही.'

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या होस्टेलच्या मेसचं बिल काढायचं सॉफ्टवेअर करायचंय. चौघांनी काम वाटून घेतलं : एकाकडे लॉगिन, दुसऱ्याकडे रोजची हजेरी, तिसऱ्याकडे बिल, चौथीकडे महिन्याचा रिपोर्ट. वाटणी छान झाली. सगळे आपापल्या लॅपटॉपवर दोन महिने काम करतात आणि शेवटच्या आठवड्यात जोडायला बसतात. तेव्हा कळतं की हजेरीवाल्याने विद्यार्थी ओळखायला रोल नंबर घेतलाय आणि बिलवाल्याने पी.आर.एन. रोल नंबर दरवर्षी बदलतो, पी.आर.एन. बदलत नाही. शिवाय एकाने तारीख तारखेच्या स्वरूपात ठेवली आहे, दुसऱ्याने साध्या अक्षरांत लिहिली आहे, त्यामुळे 'या महिन्यातले दिवस मोजा' ही साधी क्वेरी चालत नाही. सुट्टीवर गेलेल्या मुलाचे दिवस वजा कुणी करायचे, हजेरीने की बिलाने? दोघांनीही केले आहेत. बिल निगेटिव्ह येतंय!

यातला एकही प्रश्न अवघड नाही. पहिल्या आठवड्यात चौघं एका टेबलाशी बसले असते तर प्रत्येकाला पाच मिनिटं लागली असती. म्हणून माझं ठाम मत आहे की दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काहीतरी 'चालतं' पाहिजे. भले ते हास्यास्पद असो. एकच विद्यार्थी, एकच दिवस, एकच जेवण, बिल रुपये पन्नास. पण लॉगिनपासून रिपोर्टपर्यंत चारही तुकडे एकमेकांना चिकटलेले असले पाहिजेत. त्यानंतर दर आठवड्याला त्यावरच वाढ करायची. याने जोडणीचा शेवटचा दिवस टळतो हे तर झालंच. शिवाय कुणाचा तुकडा अडलाय हे सातव्या दिवशी दिसतं, साठाव्या दिवशी नाही.

रिपोर्ट कुणी लिहायचा?

आता जरा टोचणारं बोलते. गटात काम वाटताना आपण कसं वाटतो? ज्याला जे आधीच येतं ते त्याला देतो. वेळ कमी असतो, म्हणून हे शहाणपणाचं वाटतं. पण परिणाम बघा. ज्याला कोडिंग येतं तो आणखी कोडिंग शिकतो. ज्याला येत नाही तो स्पायरल बाइंडिंगवाल्याकडे चकरा मारतो. सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आमच्या गटात पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं, "रिपोर्ट आणि पी.पी.टी. तू कर, तुझं इंग्लिश मस्त आहे ना!" मी कॉन्व्हेंटची आणि गटात एकटीच मुलगी, म्हणजे दोन्हीकडून पक्की! कोड बघायला मागितला की "अगं, अजून चालू आहे, झालं की देतो" असं उत्तर यायचं. कोड हातात आला तो आदल्या रात्री, फक्त स्क्रीनशॉट काढण्यापुरता. गटात वाईट कुणी नव्हतं. तिघेही आजही माझे मित्र आहेत. पण त्या सत्रात मी मार्जिन आणि फॉन्ट शिकले.

आणि हे फक्त मुलींचं नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा घ्या. कोड उत्तम लिहितो, पण 'प्रेझेंटेशनला बोलू नकोस, घोटाळा होईल' म्हणून त्याला मागे उभं करतात, आणि मग पुढे इंटरव्ह्यूमध्ये तो पहिल्यांदाच बोलतो. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांचे प्रवेश उशिरा होतात, गट आधीच ठरलेले असतात, त्यांना उरलेलं काम मिळतं. वास्तविक, प्रत्यक्ष काम करायची सवय त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते.

बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनीअरिंगच्या विद्यार्थी-गटांवर २००४ साली एक लेख लिहिला होता. गट शिक्षकांनी पाडावेत, विद्यार्थ्यांनी नाही, असा त्यांचा आग्रह आहे. गटात हुशार-कच्चे मिसळलेले असावेत आणि सगळ्यांना एकत्र मोकळी असलेली वेळ सापडावी. ज्या विद्यार्थ्यांची संख्या वर्गात थोडी आहे, त्यांना पहिल्या वर्षांत एकेकटं निरनिराळ्या गटांत टाकू नये, असंही ते सांगतात. शेवटचा मुद्दा वाचला तेव्हा मला कुणीतरी माझंच सांगतंय असं वाटलं.

मग वाटणी करायची कशी? वॉट्स हम्फ्री हे आयबीएममधून पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. त्यांनी खास विद्यार्थ्यांच्या गटांसाठी एक पद्धत बसवली आणि २००० साली तिच्यावर पुस्तक काढलं. त्यात पाच भूमिका आहेत : गटप्रमुख, डेव्हलपमेंट मॅनेजर, प्लॅनिंग मॅनेजर, क्वालिटी आणि प्रोसेस मॅनेजर, आणि सपोर्ट मॅनेजर. यात कुठेही 'रिपोर्टवाली' नाही! आणि महत्त्वाचं म्हणजे ही जबाबदारी सांभाळून प्रत्येकाला डिझाईन आणि कोडसुद्धा करायचा असतो. प्लॅनिंग मॅनेजर म्हणजे फक्त वही सांभाळणारा नाही. प्रोजेक्टही एका दमात न करता दोन-तीन फेऱ्यांत करायचा. पहिल्या फेरीत छोटंसं पण पूर्ण काम, पुढच्या फेरीत भर. फेरी संपली की भूमिका बदलता येतात.

आपल्या चौघांच्या गटात क्वालिटी आणि सपोर्ट एकाकडे देता येईल. रिपोर्टचं प्रत्येक प्रकरण ज्याने ते काम केलं त्यानेच लिहावं, इंग्लिश चांगलं असणाऱ्याने ते तपासावं. इंग्लिश मोडकं असेल तर असू दे, तपासताना दोघंही शिकतात.

नोंद

काम दिसलं पाहिजे असं वर म्हटलं, त्यासाठी फार काही लागत नाही. एक वही पुरते. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, उभ्याउभ्याच (बसलं की गप्पा सुरू होतात). प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या : मागच्या वेळेपासून काय झालं, पुढच्या वेळेपर्यंत काय करणार, कुठे अडलंय. स्क्रममध्ये हे रोज करतात, आपल्याला प्रॅक्टिकल आणि क्लास टेस्टमधून रोज जमणार नाही. लिहिताना मात्र 'लॉगिनचं काम चालू आहे' असं लिहू नका. 'चुकीचा पासवर्ड दिला तर मेसेज येतो' असं लिहा. दुसऱ्याला करून बघता येईल असं वाक्य पाहिजे.

कोडसाठी गिट वापराच. लिनक्सच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली बनवलं, फुकट आहे, शिकायला एक दुपार लागते. पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल न्यू', 'खरंच फायनल' अशी फोल्डरं फिरवण्याचे दिवस गेले, निदान जायला हवेत. गिटमध्ये कोणती ओळ कुणी, कधी लिहिली हे कायम राहतं. पण सर-मॅडमना एक विनंती, कमिट मोजून मार्क देऊ नका. एखादा अख्खी लायब्ररी चिकटवून दहा हजार ओळी दाखवतो, आणि दोघं एकाच लॅपटॉपवर बसून कोड लिहीत असतील तर नाव एकाचंच येतं. होस्टेलवर सगळ्यांकडे चांगला लॅपटॉप असतोच असं नाही. गिट आणि वही दोन्ही शेजारी ठेवून बघावं.

जो येत नाही त्याचं काय?

आधी शोधा की त्याला करायचं नाही, की जमत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फोन न उचलणारा मित्र बऱ्याचदा लाजेने उचलत नाही. त्याला दिलेलं काम सुरू कुठून करायचं हेच कळलेलं नसतं, आणि दोन केट्या डोक्यावर असतात. अशा वेळी सगळ्या गटाने ग्रुपवर झाडण्यापेक्षा एकाने त्याच्या रूमवर जावं आणि शेजारी बसून पहिल्या वीस ओळी लिहून घ्याव्यात. मी हे होताना पाहिलंय, दहात सगळे नाही पण काही जण खरंच लागतात कामाला.

ज्याला करायचंच नाही, त्याच्यासाठी नियम हवेत, आणि ते भांडण व्हायच्या आधी लिहिलेले हवेत. पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहा : मीटिंग कधी, येता येत नसेल तर कधीपर्यंत कळवायचं, किती वेळा न आल्यावर गाईडकडे जायचं. चौघांनी सह्या करा. ओकली-फेल्डर यांच्या लेखात असा करार आहे. त्यापुढची पायरीही आहे : काहीच काम न करणाऱ्याला लेखी ताकीद देऊनही फरक पडला नाही तर बाकीचे एकमताने त्याला गटातून काढू शकतात. उलट बाजूही तितकीच न्याय्य आहे. सगळं काम एकाच्याच गळ्यात पडत असेल तर तो ताकीद देऊन गट सोडू शकतो. आपल्याकडे 'अरे, मैत्री आहे' म्हणून हे कुणी करत नाही. पण कागदावर असलं की मैत्रीला मध्ये यावं लागत नाही.

मार्कांचा प्रश्न

हा भाग मुख्यतः स्टाफसाठी. चौघांना सरसकट सारखे मार्क दिले की १९८१चा प्रयोग आपण उलट्या बाजूने करतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल मेलबर्न इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या रॉबर्ट ब्राउन यांची एक पद्धत फेल्डर आणि सहकाऱ्यांनी वापरून पाहिली. प्रत्येक जण स्वतःसकट सगळ्यांना 'उत्कृष्ट'पासून 'हजरच नाही'पर्यंत नऊ शब्दांपैकी एक देतो. शब्दांचे आकडे होतात : १००, ८७.५, ७५ असे उतरत शून्यापर्यंत. हुशारी मोजायची नाही, फक्त जबाबदारी पार पाडली का, एवढंच.

समजा, चौघांची सरासरी अशी आली : ८७.५, ८७.५, ७५ आणि ५०. गटाची सरासरी ७५. आता प्रत्येकाची सरासरी भागिले गटाची सरासरी करा. येतात अंदाजे १.१७, १.१७, १ आणि ०.६७. प्रोजेक्टला ५० पैकी ४० मिळाले असतील तर तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला जवळपास २७. वरच्या बाजूला मर्यादा घालतात. समजा ती १.१ ठेवली, तर पहिल्या दोघांना ४४. म्हणजे सगळं एकट्याने ओढून 'हिरो' व्हायचं आमिषही राहत नाही.

यात धोका आहे, आणि तो होस्टेलवाल्यांनी ओळखला असेलच. तीन रूममेट आणि एक घरून येणारा, असा गट असेल तर तिघं मिळून त्याला खाली ओढू शकतात. म्हणून प्रत्येक शब्दामागे एक वाक्याचं कारण लिहून घ्यावं आणि वहीशी ताडून बघावं. सत्राच्या मध्यावर एकदा मार्कांशिवाय ही फेरी घेतली तर सुधारायला वेळही मिळतो. शेवटी एकदम ५० दिसून काय उपयोग?

विकत घेतलेल्या प्रोजेक्टबद्दल मी काही लिहीत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर विकत घ्यायचीही गरज उरली नाही, रात्रीत कोड मिळतो. पण त्याने आपला प्रश्न सुटलेला नाही. पूर्वी निदान एकाला कोड कळायचा, आता कधीकधी चौघांपैकी एकालाही कळत नाही.

यावर फेल्डर यांच्या लिखाणातलाच एक उपाय आपल्याकडे सहज करता येण्याजोगा आहे : कोणत्या भागाबद्दल कोण बोलणार, हे गटाला आधी सांगायचंच नाही. रिव्ह्यूच्या दिवशी चार नावांच्या आणि चार भागांच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवायच्या. लॉगिनवाल्याच्या नावावर बिल आलं तर त्याने बिलाची क्वेरी समजावून सांगायची, रिपोर्टवालीला हजेरी आली तर तिने हजेरी, आणि मार्क चौघांना. मग आदल्या दिवशी कोड आपल्याच लॅपटॉपवर दाबून ठेवणं कुणालाच परवडत नाही. चिठ्ठ्यांना जुन्या जर्नलचं एक पान पुरतं.